बाळाच्या अंगावरची गाठ : प्रस्तावना

तान्ह्या बाळाच्या अंगावर गाठ दिसली की घरातल्या सगळ्यांच्या मनात एकच प्रश्न येतो आणि तो कुणी मोठ्याने विचारत नाही. हा कॅन्सर तर नसेल? त्या प्रश्नाचे उत्तर आधी देऊ आणि मग पुढे जाऊ. लहान मुलांच्या त्वचेवर आणि त्वचेखाली येणाऱ्या बहुतेक गाठी साध्या, निरुपद्रवी असतात. १९८३ साली नाइट आणि रायनर या डॉक्टरांनी मुलांच्या अंगावरून काढलेल्या ७७५ गाठींचा ताळा मांडला, तेव्हा त्यांतल्या कर्करोगाच्या गाठी दीड टक्क्याच्या आत भरल्या. हा आकडा धीर देणारा आहे, पण आईला आकडा पुरत नाही. आपल्या बाळाच्या गालावर, बोटावर किंवा डोक्यावर जे उठले आहे त्याचे नाव काय, ते वाढणार की मावळणार, त्याला हात लावायचा की नाही, हे तिला हवे असते. ते सांगता येणे म्हणजे निदान. ही पुस्तिका त्या निदानाविषयी आहे.

शिरूर आणि दौंड या दोन तालुक्यांतल्या आशाताई, अंगणवाडी सेविका, उपकेंद्रावरच्या परिचारिका आणि गावोगावचे फॅमिली डॉक्टर यांना समोर ठेवून ती लिहिली आहे. पालकांनाही ती वाचता यावी, अशी भाषा ठेवली आहे. यातल्या अनेक गाठी दुर्मीळ आहेत. एखादी गाठ गावातल्या डॉक्टरांना उभ्या आयुष्यात एकदोनदाच भेटेल. पण अशा दहा-पंधरा दुर्मीळ गोष्टी एकत्र केल्या की त्यांतली कोणती ना कोणती दरवर्षी दारात उभी राहते, आणि ती पहिल्यांदा जिच्या नजरेला पडते ती व्यक्ती तज्ज्ञ नसते. बाळाला अंघोळ घालणारी बाई, लसीकरणाच्या दिवशी मांडीवरून दुपटे बाजूला करणारी नर्सताई, जावळ काढणारा नाभिक, हेच या गाठींचे पहिले साक्षीदार असतात. निदानाची सुरुवात त्यांच्यापासून होते, असे मी मानतो आणि ही सगळी पुस्तिका त्याच विश्वासावर उभी आहे.

दोन्ही तालुके पुण्याच्या पूर्वेला आहेत. शिरूर, म्हणजे जुन्या लोकांची घोडनदी, नगर रस्त्यावर घोड नदीकाठी. दौंड भीमेकाठचे रेल्वे जंक्शन. दोन्हीकडून पुणे ६५ ते ७५ किलोमीटर. दौंडहून सकाळच्या गाडीने निघालेली आई पुणे स्टेशनवर उतरून चालत ससून रुग्णालयात जाऊ शकते. शिरूरहून येणाऱ्या आईला शिक्रापूर आणि वाघोलीची वाहतूक पार करावी लागते. नकाशावर अंतर फार वाटत नाही. पण मळ्यातल्या वस्तीवरून पहाटे निघायचे, दिवसाची मजुरी बुडवायची, थोरल्या मुलांना शेजारी ठेवायचे आणि संध्याकाळी रिकाम्या हाताने परतायचे, असे दोनदा झाले की तिसऱ्यांदा कुणी जात नाही. म्हणून कोणत्या बाळाला आजच पाठवायचे, कोणत्या बाळाकडे पुढच्या महिन्यात पुन्हा पाहायचे आणि कुणाला निर्धास्त घरी ठेवायचे, हे गावातच ठरवता आले पाहिजे.

या भागात राहणारी सगळी कुटुंबे इथली नाहीत. ऑक्टोबर-नोव्हेंबरात ऊसतोडीच्या टोळ्या येतात आणि मार्च-एप्रिलपर्यंत कारखान्यांच्या परिसरात कोपी घालून राहतात. रांजणगाव आणि कुरकुंभच्या औद्योगिक वसाहतींत दूरच्या जिल्ह्यांतून आणि परराज्यांतून आलेली तरुण जोडपी भाड्याच्या खोल्यांत राहतात. त्या आईजवळ सासू नसते, माहेर नसते, आणि बाळाचे कार्ड अनेकदा गावीच राहिलेले असते. अशा बाळाची गाठ आज पाहिली, तर महिन्याने ती पुन्हा आपल्याच नजरेला पडेल याची खात्री नसते. आजची नोंद नीट लिहून आईच्या हातात देणे हे अशा वेळी मोठे काम आहे.

नाव न कळलेल्या गाठीवर काय काय होते, ते आपण सगळ्यांनी पाहिले आहे. चामखीळ समजून तिला घोड्याच्या शेपटीचा केस आवळून बांधतात. चुना लावतात. सूज उतरावी म्हणून बिब्बा लावतात. बिब्ब्याच्या तेलाने कोवळी कातडी भाजते, फोड येतात आणि मूळ गाठ गेली तरी काळा डाग वर्षानुवर्षे राहतो. शिकलेल्या घरात हीच घाई वेगळ्या रूपात येते. मेडिकलमधून चिठ्ठीशिवाय मलम आणले जाते आणि त्यात बहुतेक वेळा जोरकस स्टेरॉइड असते. अशी १४ स्टेरॉइड मलमे केंद्र सरकारने २०१८ साली शेड्यूल एचच्या कक्षेत आणली, ती डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विकली जाऊ नयेत म्हणूनच. बाळाच्या चेहऱ्यावर ते मलम महिनोन्‌महिने चोळले की कातडी पातळ होते, तिच्यावर लव वाढते, आणि गाठ तिथेच असते. याहून वाईट म्हणजे नीट न पाहता केलेली चिरफाड. काही गाठी कापल्या की पुन्हा उगवतात, काहींची मुळे मेंदूच्या आवरणापर्यंत गेलेली असतात, आणि काही तर कापल्या नसत्या तरी दोन वर्षांत आपोआप गेल्या असत्या.

दुसरी चूक उशिराची. तिचे सर्वांत ठळक उदाहरण म्हणजे हिमँजिओमा. रक्तवाहिन्यांच्या पेशींची ही गाठ दुर्मीळ नाही. शंभर बाळांमागे चार-पाच बाळांत ती दिसते. मुलींमध्ये, अपुऱ्या दिवसांच्या आणि कमी वजनाच्या बाळांत तिचे प्रमाण जास्त आहे. जन्मताच ती बहुधा दिसत नाही. फिकट किंवा लालसर ठिपका असतो, ओरखडा उठल्यासारखा. दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात तो उठू लागतो आणि दीड महिन्याच्या आसपास, साडेपाच ते साडेसात आठवड्यांच्या दरम्यान, त्याची वाढ सर्वांत वेगाने होते. तीन महिन्यांपर्यंत ती आपल्या अंतिम आकाराच्या सुमारे ८० टक्के झालेली असते. त्यानंतर तिची वाढ मंदावत जाऊन थांबते आणि पुढच्या तीन-चार वर्षांत ती हळूहळू मावळते. छातीवर किंवा मांडीवर असेल तर बहुधा काहीही करावे लागत नाही. पण पापणीवर असेल तर डोळा झाकून दृष्टी मंदावते, ओठावर असेल तर व्रण होऊन दूध ओढता येत नाही, नाकाच्या शेंड्यावर असेल तर नाकाचा आकार कायमचा बिघडतो. अशा बाळाला महिन्याच्या आत तज्ज्ञांकडे पोचवायचे असते. ‘मोठे झाल्यावर दाखवू’ म्हणेपर्यंत औषधाची उत्तम वेळ निघून जाते.

ते औषध सापडल्याची हकिकत प्रत्येक आरोग्य कार्यकर्त्याला ठाऊक असावी. रक्तदाबावर आणि हृदयविकारावर वापरले जाणारे प्रोप्रॅनोलॉल १९६० च्या दशकात जेम्स ब्लॅक यांनी शोधले. १९८८ च्या नोबेल पुरस्कारामागे त्याही कामाचा वाटा होता. पुढे फ्रान्समधल्या बोर्दो शहरात नाकावर मोठा हिमँजिओमा असलेल्या एका बाळाला स्टेरॉइडमुळे हृदयाचा त्रास झाला, म्हणून डॉक्टरांनी प्रोप्रॅनोलॉल सुरू केले. दुसऱ्याच दिवशी गाठीचा रंग लालचा जांभळा झाला आणि ती मऊ पडली. क्रिस्तीन लेओते-लाब्रेझ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हे निरीक्षण २००८ साली प्रसिद्ध केले आणि साऱ्या जगातला उपचार बदलला. हृदयासाठी दिलेल्या औषधाने नाकावरच्या गाठीचा रंग पालटला, हे कुणाच्या तरी लक्षात आले म्हणून हे घडले. मात्र या औषधाने बाळाची साखर उतरू शकते आणि नाडी मंदावू शकते. ते वजनावर मोजून, दूध पाजल्यानंतर आणि डॉक्टरांच्या देखरेखीखालीच द्यायचे असते. बाळ आजारी पडून दूध घेईनासे झाले तर ते थांबवून लगेच डॉक्टरांना विचारायचे असते.

आता खऱ्या दुर्मीळ गाठींकडे येऊ. आपल्याकडे बाळाला तेल लावून, चोळून, कडकडीत पाण्याने न्हाऊ घालण्याची रीत आहे. न्हाऊ घालणारी बाई कधीकधी सांगते, ‘‘एरवी हा डाग तपकिरी आणि सपाट असतो, पण चोळलं आणि गरम पाणी पडलं की लाल होऊन फुगतो, घटकाभरानं परत बसतो.’’ हे वाक्य कानावर आले की डॉक्टरांनी हातातले काम थांबवून ऐकावे, कारण तिने मॅस्टोसायटोमाचे निदान सांगितले आहे. मास्ट पेशींच्या या गाठीवर बोथट वस्तूने चार-पाच वेळा घासले की काही मिनिटांत तिथे गांध उठते. फ्रेंच त्वचारोगतज्ज्ञ दारिए यांच्या नावाने ही खूण वैद्यकात ओळखली जाते. न्हाऊ घालणाऱ्या बाईने दारिए यांचे नाव ऐकलेले नसते, तरी खूण तिने अचूक टिपलेली असते. ती पुन्हा पाहण्यासाठी मोठी गाठ मात्र जोरजोराने घासू नये, कारण बाळाचे सर्वांग लाल होऊन रक्तदाब उतरू शकतो. बहुतेक मुलांत हे डाग वयात येईपर्यंत विरतात. तोवर चोळणे बंद करायचे, पाणी कोमट ठेवायचे, आणि कोणतेही ऑपरेशन किंवा वेदनाशामक औषध देण्याआधी डॉक्टरांना या डागाविषयी सांगायचे.

ज्युव्हेनाइल झँथोग्रॅन्युलोमा या लांबलचक नावामागे एक गरीब गाठ आहे. पहिल्या एक-दोन वर्षांत डोक्यावर, मानेवर किंवा छातीवर मसुराएवढा, घट्ट, गुळगुळीत दाणा उठतो. ॲडमसन यांनी १९०५ साली त्याचे वर्णन केले. पुस्तकातल्या छायाचित्रांत तो पिवळा-केशरी दिसतो; आपल्या सावळ्या बाळाच्या अंगावर तो बहुधा तपकिरी किंवा तांबूस-पिवळा असतो. त्याला चामखीळ म्हणतात, मोलस्कम म्हणतात, कधी पिकलेला फोड समजून दाबतातही. दाबल्यावर त्यातून काही निघत नाही. काही वर्षांत तो सपाट होऊन जातो. पण असे दाणे पुष्कळ असतील आणि बाळ दोन वर्षांच्या आतले असेल, तर डोळे तपासून घ्यावेत, कारण क्वचित डोळ्याच्या आतही अशी गाठ होऊन रक्तस्राव होतो. सोबत अंगावर दुधाळ कॉफीच्या रंगाचे सहा किंवा अधिक डाग असतील, तर न्यूरोफायब्रोमॅटोसिस या आनुवंशिक आजाराची तपासणी करावी आणि रक्ताकडेही लक्ष ठेवावे.

मुलाच्या मानेत गाठ लागली की आपल्याकडे सर्वप्रथम टीबीची शंका येते. ती शंका रास्तच आहे. पण बोटाला गाठ दगडासारखी टणक लागली, तर जरा थांबून हात नीट लावावा. गाठीवरची कातडी दोन बोटांनी ताणली की तिचे कोन आणि कडा वर दिसतात, राहुटीच्या कापडाखाली बांबू उठून दिसावेत तशा. तिचे एक टोक दाबले तर दुसरे टोक वर येते. कातडी सरकवली की गाठ कातडीबरोबर सरकते. लसिकाग्रंथी मात्र कातडीखाली आपल्या जागी राहते. वर निळसर झाक असू शकते. हा पायलोमॅट्रिकोमा. केसाच्या मुळाशी असलेल्या पेशींपासून बनलेल्या आणि आत कॅल्शियम साठलेल्या या गाठीचे वर्णन मालेर्ब आणि शनांते यांनी १८८० साली केले. कापून काढली की ती बहुधा कायमची जाते. ज्यांनी ही गाठ पाहिलेली नाही त्यांना सुईने काढलेल्या नमुन्यातल्या पेशी फसवतात आणि अहवालात कर्करोगाची शंका येऊ शकते. म्हणून नमुना पाठवताना मुलाचे वय आणि ‘गाठ दगडासारखी टणक’ हे शब्द कागदावर लिहावेत. प्रयोगशाळेतल्या डॉक्टरांना ते लाखमोलाचे असतात.

जावळ काढण्याच्या दिवशी एक गोष्ट उघडी पडते. केसांखाली झाकलेला पिवळसर, किंचित उंच, केस नसलेला पट्टा नाभिकाच्या वस्तऱ्याखाली येतो आणि वस्तरा लागला की काय, अशी कुजबुज सुरू होते. हा नीव्हस सेबेशियस, यादासोन यांनी १८९५ साली वर्णिलेला. तो जन्मापासूनच असतो, पौगंडावस्थेत जाड आणि खरखरीत होतो. पूर्वी कर्करोगाच्या भीतीने तो सरसकट कापून टाकत. आता तो धोका फार कमी असल्याचे कळले आहे आणि मूल समजूतदार वयाचे होईपर्यंत थांबता येते.

हातापायांच्या बोटांवर, बहुधा अंगठे सोडून, बाळाला कधी घट्ट गुलाबी गोळा येतो. ऑस्ट्रेलियाचे रे यांनी १९६५ साली त्याच्याकडे लक्ष वेधले. तो कापला की पुन्हा उगवतो आणि बोट वाकडे होत नसेल तर नुसती वाट पाहिल्याने पुष्कळदा विरतो. गालावरचा लालसर, घुमटासारखा स्पिट्झ नीव्हस तर साऱ्या वैद्यकाला धडा देऊन गेला. न्यू यॉर्कच्या पॅथॉलॉजिस्ट सोफी स्पिट्झ यांनी १९४८ साली मुलांतल्या अशा १३ गाठींचा अभ्यास मांडला. सूक्ष्मदर्शकाखाली त्या मेलॅनोमा या जीवघेण्या कर्करोगासारख्या दिसत होत्या. प्रत्यक्षात एक सोडून बाकीची मुले बरी राहिली. काचेखालच्या पेशी आणि समोरचे मूल यांचा मेळ घातल्याशिवाय निर्णय देऊ नये, हे त्यातून कळले. आजही अशी गाठ तज्ज्ञांनीच पाहावी.

जिथल्या गाठीला गावात कुणीही हात लावू नये अशा जागा दोन. पहिली, नाकाच्या मधोमध, कपाळाच्या मध्यावर किंवा डोक्याच्या मध्यरेषेवरची गाठ किंवा छिद्र, विशेषतः त्यातून केस बाहेर आलेला असेल तर. ही डरमॉइड गाठ असू शकते आणि तिचा धागा कवटीच्या आत गेलेला असू शकतो. आधी एमआरआय, मग शस्त्रक्रिया. दुसरी, माकडहाडाच्या वर पाठीच्या मध्यरेषेवरची गाठ, केसांचा झुबका किंवा मोठा लाल डाग. त्याखाली मणक्यात दोष असू शकतो. पहिल्या तीन-चार महिन्यांत साध्या सोनोग्राफीने मज्जारज्जू पाहता येतो. नंतर हाडे पक्की झाली की ते कठीण होते. मात्र याच कमरेवर आपल्या बहुतेक बाळांना जो निळा-राखाडी सपाट डाग असतो, तो मंगोलियन स्पॉट आहे. तो गाठ नाही, मारही नाही, आणि काही वर्षांत फिकट होतो. दोन्हींतला फरक पुस्तिकेत चित्रांसह दिला आहे.

हे सगळे ओळखायला लागणारी साधने साधी आहेत. दिवसाचा उजेड, धुतलेला हात, काचेचा स्वच्छ तुकडा आणि मोजपट्टी. आईला विचारायचे: कधीपासून आहे, वाढते की तेवढीच, रंग बदलतो का, रक्त येते का, अंगावर अजून कुठे आहे? मग बाळाचे सगळे कपडे काढून, डोक्यापासून टाचेपर्यंत पाहायचे. हिमँजिओमा पाच किंवा अधिक निघाले तर यकृताची सोनोग्राफी लागते. दाढीच्या जागेवर असतील तर श्वासनलिकेत गाठ असण्याची शक्यता असते आणि बाळाचा श्वास घोगरा वाजतो का, हे ऐकावे लागते. चेहऱ्याचा मोठा भाग व्यापणारा डाग असेल तर मेंदू, हृदय आणि डोळे तपासावे लागतात. एकच गाठ पाहून कपडे परत घातले, तर यातले काहीच कळत नाही.

सावळ्या त्वचेविषयी इथे मुद्दाम लिहितो. त्वचारोगाची बहुतेक पुस्तके गोऱ्या त्वचेवर लिहिली गेली. लाल म्हणून वर्णन केलेला डाग आपल्या बाळाच्या अंगावर जांभळा, तपकिरी, कधी नुसता गडद दिसतो. लंडनमध्ये वैद्यकीय विद्यार्थी असलेल्या मलोन मुकवेंडे यांनी २०२० साली सहकाऱ्यांसह ‘माइंड द गॅप’ ही गडद त्वचेवरची लक्षणे दाखवणारी पुस्तिका काढली, ती याच उणिवेपोटी. आपल्या भागातल्या बाळांची, आपल्या उजेडातली छायाचित्रे जमा होणे म्हणूनच गरजेचे आहे. मोबाइलने फोटो काढताना शेजारी मोजपट्टी ठेवावी, एक फोटो जवळून आणि एक लांबून घ्यावा, तारीख लिहावी. मात्र आईची परवानगी आधी घ्यावी, आणि तो फोटो गावाच्या किंवा नातेवाइकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर कधीही टाकू नये. बाळालाही अब्रू असते.

धोक्याच्या खुणा पाठ असाव्यात. तीन सेंटिमीटरपेक्षा मोठी, टणक, खालच्या थराला चिकटलेली गाठ. झपाट्याने वाढणारी गाठ. आपोआप चिघळणारी गाठ. जन्मतःच असलेली घट्ट गाठ. तान्ह्या बाळाच्या अंगावरच्या अनेक निळसर कठीण गाठी. डोक्यावरची पापुद्र्यांची खपली जी महिनोन्‌महिने जात नाही आणि जिच्यात रक्ताचे बारीक ठिपके दिसतात. जोडीला ताप, वजन घटणे, पोट फुगणे. यांतले काहीही दिसले तर वाट पाहू नये. असे बाळ त्याच आठवड्यात मोठ्या रुग्णालयात पोचले पाहिजे.

आणखी एक जखम आहे, तिचा अहवाल कुठे येत नाही. बाळाच्या चेहऱ्यावर डाग किंवा गाठ आली की बोट आईकडे जाते. ग्रहणात भाजी चिरली असेल, गरोदरपणी काहीतरी नको ते खाल्ले असेल, कुणाची नजर लागली असेल. मुलगी असेल तर तिच्या लग्नाची चिंता बारशाआधी सुरू होते. या गाठींचे कारण विज्ञानाला पुष्कळ अंशी कळले आहे. बहुतेकदा एखाद्या पेशीत, वाढीच्या ओघात, योगायोगाने बदल होतो; पायलोमॅट्रिकोमात आणि नीव्हस सेबेशियसमध्ये असे नेमके बदल सापडलेही आहेत. आईने ग्रहणात काय केले याचा त्याच्याशी काडीचाही संबंध नाही. हे वाक्य डॉक्टरांनी सासू आणि नवरा समोर बसलेले असताना मोठ्याने उच्चारावे. त्या वाक्यासाठी मलम लागत नाही आणि अनेक घरांत त्याचाच गुण सर्वांत आधी येतो.

या तालुक्यांत हे काम होऊ शकते, असे मी कशाच्या बळावर म्हणतो? शिरूर तालुक्यातल्या वढू बुद्रुक इथे पुण्याच्या केईएम रुग्णालयाने सत्तरच्या दशकात ग्रामीण आरोग्य प्रकल्प उभा केला. डॉ. बानू कोयाजी यांनी गावातल्याच माणसांना शिकवून आरोग्याचे काम त्यांच्या हाती दिले. १९९३ साली त्यांना मॅगसेसे पुरस्कार मिळाला. पुढे गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी गावातल्या स्त्रिया नवजात बाळांचे प्राण वाचवू शकतात हे सिद्ध केले आणि १९९९ साली ते काम लॅन्सेटमध्ये प्रसिद्ध झाले. आज देशभर आशाताई नवजात बाळाच्या घरी तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी जातात, त्यामागे ही परंपरा आहे. या तारखा हिमँजिओमाच्या वाढीशेजारी ठेवून पाहा. अठ्ठाविसावा दिवस म्हणजे तज्ज्ञांकडे पाठवण्याची उत्तम वेळ. बेचाळिसावा दिवस म्हणजे सर्वांत वेगाच्या वाढीचा काळ. त्याच सुमारास दीड महिन्याची लस, मग अडीच आणि साडेतीन महिन्यांची. नवे केंद्र, नवे पद, नवी योजना काही लागत नाही. ज्या दिवशी बाळ आपल्या हातात असतेच, त्या दिवशी त्याची कातडी नीट पाहायची, एवढेच.

२०१३ साली पालघरमधून सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची पथके अंगणवाड्यांत आणि शाळांत मुलांना तपासतात. त्यांच्या यादीत त्वचेच्या आजारांसाठी खरूज, बुरशीचा संसर्ग आणि इसब यांची नावे आहेत. या पुस्तिकेतल्या गाठी त्या यादीत नावानिशी नाहीत, तरी पथकातले डॉक्टर तेच असतात आणि मूलही समोरच असते. तपासणीच्या कागदावर एक ओळ वाढवायला हरकत नसावी. गावच्या आरोग्य केंद्रातून ई-संजीवनीवर तज्ज्ञांना फोटो दाखवून सल्ला घेता आला, तर कितीतरी आयांची पुण्याची फेरी वाचेल, आणि जिची वाचू नये तिची वेळेवर होईल.

पुस्तिका तीन भागांत आहे. पहिल्या भागात वाट पाहता येईल अशा गाठी, दुसऱ्यात तज्ज्ञांना दाखवायच्या, तिसऱ्यात तातडीने पाठवायच्या. प्रत्येक गाठीपुढे ती कशासारखी भासते आणि कशावरून वेगळी ओळखावी हे दिले आहे. ती कपाटात ठेवू नका. लसीकरणाच्या टेबलावर ठेवा, पाने मळू द्या. हिच्या आधारे गाठ कापू नका, औषध सुरू करू नका; हिच्या आधारे पाहा, लिहा आणि योग्य ठिकाणी पाठवा.

वाचकांकडे एकच मागणे आहे. पुढच्या लसीकरणाच्या दिवशी प्रत्येक बाळाचे दुपटे पूर्ण सोडा, डोक्यापासून तळव्यापर्यंत पाहा, आणि जे दिसेल ते तारखेसह माता-बाल संरक्षण कार्डावर लिहा. काहीच दिसले नाही तर तेही लिहा.